आमच्या जिन्यातला ओपनर

मी मूळचा नागपूरचा, बाबा रेल्वेत फिटर होते, आणि संशय म्हणजे आमच्या घराण्याचा स्वभावच समजा, दूधवाल्यावर संशय, जावयावर संशय, पण बाबांचा सगळ्यात मोठा संशय एका इंग्रजावर. काय सांगू तुम्हाला, मोठा नावाजलेला ओपनर तो, नाव मी घेत नाही, नागपूरला मॅच होती, शून्यावर असताना त्याच्या बॅटची कड लागली, कीपरनं झेल घेतला, अंपायरनं काही आउट दिलं नाही, आणि हा पठ्ठ्या जागचा हलला नाही, दिवसभर खेळून शतक ठोकून गेला. बाबा स्टँडात होते, म्हणायचे मी आवाज ऐकला. त्यांचे दोस्त वामनकाका म्हणाले, इतक्या लांबून? कान आहेत की रेडिओ? त्यावरून असं वाजलं बाप्पा, की काकांनी घरी येणं सोडलं ते सोडलंच, आणि एक दिवस वारले. बाबांना ते फार लागलं.

आता मी इथं स्टुटगार्टला, त्सुफेनहाउझेनमध्ये राहतो, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. इथं केअरवोखं असते, म्हणजे आठवड्याच्या पाळीनं बिल्डिंगचा जिना झाडायचा, त्यातून कोणाची सुटका नाही. तर वरच्या मजल्यावर एक म्हातारा इंग्रज राहायला आला, दारावर बायकोचं जर्मन आडनाव. हा पायरीवर उभा राहिला की झाडू आधी दोनदा टप टप आपटायचा, गार्ड घेतल्यासारखा. झालं, मला संशय आला, हा बाबांचा ओपनर तर नाही? क्रिकेट खेळायचात का, विचारलं, तर म्हणतो, थोडंफार, तरुणपणी. थोडंफार! नेटवर फोटो बघितले, त्यात डोक्यावर केसांचं टोपलं, इथं एक केस नाही. बायको म्हणाली, अहो, एवढा मोठा माणूस आपला जिना झाडेल का? मुलगी म्हणाली, पापा, फ्राग इन दोख आइनफाख, म्हणजे सरळ विचारा की. पण सरळ विचारणं आमच्या रक्तातच नाही.

मग बाबांनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, आता भरवसा नाही, आणि बाबांचं एकच चाललेलं, वामन मला खोटारडा समजून गेला. मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन घेऊन जिन्यात गेलो, म्हाताऱ्याला म्हटलं, माझे वडील चाललेत, त्यांना नागपूरच्या एका झेलाबद्दल विचारायचंय. त्यानं झाडू भिंतीला टेकवला आणि फोन घेतला. बाबांनी विचारलं, लागली होती का रे? मी इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, हो, लागली होती, चुकलंच माझं. बाबा हसले हो, किती महिन्यांनी हसले, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, ऐकलंस का वामन्या?

त्याच आठवड्यात बाबा गेले, शांत गेले.

पण ऐका ना, त्या दिवशी फोन परत देताना म्हातारा मला म्हणाला, नागपूर, छान आहे ना, समुद्रकिनारा वगैरे?

तेव्हापासून, तुम्ही खरंच तोच का, असं विचारावंसं रोज वाटतं. नाही विचारत. वरच्या आजोबांचे गुडघे आता दुखतात, त्यांच्या पाळीला जिना मीच झाडतो.