पाहुणा आणि भुसा

कामोठ्याच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या आभाचे कान शेजारच्या बाकाकडेच लागले होते. पळस्प्याच्या फर्निचर कारखान्याच्या मालकीणबाई आपल्या खोकणाऱ्या सुताराला घेऊन आल्या होत्या.

“गणू, भुसा ओढायचं ते मशीन मी परत पाठवलं बरं का.”

“का वो ताई?”

“कंपनीच्या माणसाने ते कारखानाभर फिरवून दाखवलं, पण पिशवीत चिमूटभर भुसा नाही!”

“कसा आसंल? पावना येनार म्हनून तुमीच सकाळी सगला झाडाया लावलाव आमाला.”

“मग? परक्या माणसाला उकिरडा दाखवायचा?”

“नाय, त्ये पन खरा हाय.”

“उद्या दुसऱ्या कंपनीचा माणूस येतोय.”

गणूला खोकल्याची जोरदार उबळ आली.

“सातला येतो मंग, झाडाया.”

“सहाला ये. या खेपेला फरशीही पुसून घेऊ.”