चारी रिंगांची तोंडं देवळाकडे

"हॅलो?... हॅलो, भायखळा? जरा गॅरेजातल्या फर्डिनंडला बोलवा... अरे, तूच आहेस का? मग बोल ना. नुसता हूं हूं काय करतोस?"

एमिलीने रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला. अख्ख्या गावात टेलिफोन एकच, तोही फादरांच्या बंगल्यात. मुंबईची मावशी आजारी आहे असं सांगून ती कालपासून दुसऱ्यांदा इथे आली होती. फादर समोरच्या खुर्चीत प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसले होते, आणि त्यांचं पान काही उलटत नव्हतं.

"मावशी तशीच आहे रे दादा... कोन मावशी काय? आपली मावशी. जिला चढावर दम लागतो ती... हो, तीच. धूर सोडते ती."

फादर पुस्तकातूनच म्हणाले, की मावशी काही धूर सोडत नाही, तेव्हा एमिलीने सरळ घरच्या ट्रकचंच बोलावं. एमिलीने जीभ चावली. मग मात्र तिला मोकळं वाटलं.

"दादा, फादरना कळलंय. आता नीट सांगते... हो, काल तू सांगितलंस तसंच केलं. तुझे भावोजी जेवून लवंडले तशी मी अंगनात गेले. प्लग काढले. भोकावर अंगठा धरला आनि जावेला म्हटलं, मार हँडल... अंगठा उडायला पाहिजे ना? कसला उडतोय. नुसती फुंकर आली. बाळाच्या वाढदिवसाची मेनबत्ती विझनार नाही त्या फुंकरीनं."

फर्डिनंड तिचा थोरला भाऊ. मोटारींच्या पोटात हात घालण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलेलं. आणि हा ट्रक म्हणजे महायुद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेलं धूड. हिलरीने, म्हणजे एमिलीच्या नवऱ्याने, ते विकत घेतलं, पावसाळाभर ताडपत्रीखाली खोललं आणि आपल्या हाताने पुन्हा जोडलं. फर्डिनंड तेव्हा हसून म्हणाला होता, भंगार ते भंगार. त्या दिवसापासून हिलरीची एकच प्रतिज्ञा: मेव्हण्याचा हात या ट्रकला लागणार नाही.

"मग ऑइल घातलं. प्रत्येक भोकात चमचा चमचा... इंजिनचंच रे. खोबरेल घालायला मी काय त्याची वेनी घालनार होते?... हो. परत हँडल मारलं. आनि काय सांगू, जड. जाव लोंबकळली हँडलला... म्हंजे व्हॉल्व्ह बरे आहेत? मग?... रिंगा? पिस्टनला घातलेल्या त्या कड्या? पन रिंगा तर नव्या कोऱ्या. तूच नाही का घालून दिल्यास, वाळक्या केळ्यांची सुकेळी घेऊन आले त्याच पिशवीत? ह्यांना म्हटलं, बाजारातून आनल्या.... उलट्या नाहीत. वरची बाजू वरच होती, मी दिवा धरून उभी होते."

मग ती ऐकत राहिली. तिची भुवई वर गेली.

"रिंगेला तोंड असतं?... हां, ती फट होय. जिथं रिंग तुटक असते ती. असते की... कुठल्या बाजूला म्हंजे? एकाच बाजूला. चारी रिंगांची तोंडं एका ओळीत. सगळ्या पिस्टनांची... अरे, ओरडू नको, फादर आहेत... देवळाकडे."

फादरांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. देऊळ म्हणजे त्यांचंच चर्च.

"देवळाकडे म्हंजे देवळाकडे. आमच्या सासूची रीत तुला ठाऊक नाही? घरात ज्याला ज्याला तोंड आहे ते देवळाकडे. पान्याचा माठ देवळाकडे. पेटीचं कुलूप देवळाकडे. पाळना बांधला तर पोराचं तोंडसुद्धा. म्हातारी अंगनात पाटावर बसली होती, माळ हातात. म्हनाली, हिलरी, ह्या कड्यांना तोंडं आहेत, पाठ करू नको देवाला. हा आईचा मुलगा, फिरवली सगळी... आनि नंतर ट्रक वळवला तेव्हा काय? ते म्हातारीला सुचलं नाही. तू सुचवू नको बाबा, नाहीतर ट्रक जन्मभर अंगनात उभा राहील देवळाकडे बघत."

फर्डिनंड पलीकडे इतका हसला, की ते फादरांनाही ऐकू गेलं. एमिली हसली नाही.

"हसून झालं?... मग सांग आता... हो, समजलं. चार दारं एका ओळीत उघडी, वारा आरपार. म्हनून जोर धरत नाही. मग कशी फिरवायची?... पहिलीच्या समोर दुसरी. बरं. तिसरी एका कुशीला... चौथी तिच्या समोर. म्हंजे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे..."

ती एकदम थांबली. मोकळा हात आपोआप कपाळाकडे गेला.

"दादा, थांब. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. अरे, हा तर क्रूस झाला... हो ना? म्हातारीला हेच सांगायचं. पिस्टन नुसता देवळाकडे बघत होता, आता क्रूस काढील. ती स्वतः येईल दिवा धरायला... पन ह्यांना कसं सांगू? तुझं नाव आलं की संपलं. आईची चूक म्हटलं तर दोघांचं वाजेल. आनि रविवारी माझ्या नणंदेचं, डेल्फिनचं लग्न. नवरी ह्याच ट्रकातून भुईगावला न्यायची असं हे साखरपुड्यात सगळ्यांपुढे बोलून बसलेत. ट्रक नाही चालला तर पास्कलकाकांबरोबर बोटीवर नोकरीला जातो, शपथ घेतलीय... गंमत नाही, दादा. पेटीतून कपडे काढून ठेवलेत. मला बोटीवरचे साबन नकोत, घड्याळ नको. मला तो इथं पाहिजे, ऑइलनं बरबटलेला. दोन दोन वर्षं मी कुनाशी भांडू?... दादा?... हॅलो?"

लाइन तुटली होती. कानात नुसती शांतता. आणि दारात रॉकेलचा वास.

हिलरी उभा होता, टोपी हातात घेऊन. त्याला आधी फक्त फादर दिसले. भायखळ्याला एक फोन लावायचा होता, असं तो खाली मान घालून पुटपुटला. मग त्याला बायको दिसली, आणि त्याची मान आणखी खाली गेली. एमिलीने एक क्षण त्याच्याकडे बघितलं. तिने रिसीव्हर कानाला आणखी घट्ट लावला.

"हो, हो... अरे दादा, ऐक तर. तू नको शहानपना शिकवू. आमच्या ह्यांना केव्हाच कळलंय ते. रिंगांची तोंडं क्रूसासारखी फाकवायची, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. कालपासून मनात आहे त्यांच्या... नाही, बोलले नाहीत. आईचं मन मोडायचं नाही म्हनून गप्प आहेत. पन आईला क्रूस आवडेल... हो. उद्याच खोलनार, बघ. बरं. मावशीला जप. ठेवते."

तिने रिसीव्हर ठेवला, पदर सारखा केला आणि अगदी साध्या चेहऱ्याने नवऱ्याकडे वळली. तेवढ्यात टेलिफोन खणखणला. फादरांनी डोळे मिटून घेतले.

"हॅलो?... हो, इथूनच लावला होता... हो, एक्स्चेंज, मघाशीच तुटला..."

हिलरीने टेलिफोनकडे बघितलं, मग तिच्याकडे. तुटलेल्या फोनवर ती मघाशी कुणाशीच बोलत नव्हती, हे त्याला कळलं. मग त्याचा काळा हात उचलला गेला. कपाळ. छाती. डावा खांदा. उजवा खांदा. धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर ऑइलचे तीन डाग उठले, चौथा कपाळावर. तोंडातल्या तोंडात तो हसत होता.

"नको, भाऊ," एमिली एक्स्चेंजवाल्याला म्हणाली. "परत जोडू नका. पोचलं सगळं."