तात्यांच्या मोटारीतला वास

सर्वांच्या अंतरी वसणाऱ्या पांडुरंगाला वंदन करून सांगतो. चहा घ्या, पण हा किस्सा हसण्याचा नाही.

सणसरला माझ्या थोरल्या चुलत्यांनी, तात्यांनी, जुनी मोटार घेतली होती. एका सकाळी मागच्या गादीवर पेट्रोलचा डबा कलंडला. गादी साबणाने पुसली, लिंबू चोळले, वास हटेना. दुपारी त्यांच्या सुनेला, गंगूला, कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, "मूल आडवं हाय. बारामतीच्या दवाखान्यात न्या."

मोटारीत डोकावताच गंगूला मळमळले. तरी ती म्हणाली, "मी नाकाला पदर लावते. चला, तात्या."

"दोन जिवाची लक्ष्मी असल्या घाणीत बसवू व्हय?" असे म्हणत तात्यांनी देव्हाऱ्यातले धुपाटणे आणले. बाळंतिणीच्या खोलीत आधी धूप फिरवायचा, ही आमच्या घरची रीत. नामस्मरण करीत त्यांनी धुपाटण्यातले निखारे मोटारीत धरले, आणि भडका उडाला.

तात्यांचे हात भाजले, मोटार जळाली. गंगूला बैलगाडीतून न्यावे लागले. ती वाचली, मूल वाचले नाही.

दहा दिवसांचे सुवेर फिटल्यावर गंगू देव्हाऱ्यापाशी आली. त्या दिवसापासून धुपाटणे रिकामेच होते. तिने चुलीतला निखारा आणून त्यात ठेवला.

"लावा, तात्या. देवाचं काय चुकलं?"

तात्यांनी भाजलेल्या हाताने धूप घातला. घर सुगंधाने भरले.

"पोरी," ते म्हणाले, "मला पेट्रोलचाच वास येतोय गं."

श्रोतेहो, तुमच्या घरोघरी धूप सुगंधीच दरवळो आणि पाळणे हलते राहोत.