ओढ्याच्या तोंडाशी

काविळीने माझी बायको गेली त्या सकाळी मी कागदांसाठी दवाखान्यात रांगेत उभा होतो. पुढे एक म्हातारा कोळी आणि सरकारसाठी तळ्यातले मासे मोजून पाणी कसं आहे ते लिहिणारा त्याचा पुतण्या बोलत होते.

"अर्ध्या तळ्यात बोटभर मासा उरला नाही, आणि तू पाणी चांगलं लिहिलंस?"

"जाळ्यात शंभर आले, काका."

"जाळं लावलंस कुठे?"

"ओढ्याच्या तोंडाशी. दरवर्षी तिथेच लावतो."

"शहाण्या, तिथे ताजं पाणी येतं. सगळे जीव मुठीत धरून तिथेच जमलेत! नळासाठी पाणी उपसतात, त्या टोकाला लाव की."

"लावलं होतं. रिकामं आलं. साहेब म्हणाले, रिकामं जाळं मोजणीत धरू नकोस."

"तुझी काकू आत पिवळी पडलीय. तिला सांग जाऊन."

याला आठ महिने झाले. त्या टोकाचं पाणी अजून कुणी तपासलेलं नाही.