अप्पा माझ्या ऑटोत बसले

मी ऑटो चालवतो हे घरच्यांना कसं चाललं, असं तू विचारतोस ना? मग ऐक. बंगलोरची सॉफ्टवेअर कंपनी बंद पडल्यावर दीड वर्ष मी नोकरी शोधली. शेवटी हुबळीला परत आलो आणि एका मित्राची ऑटो चालवायला घेतली. अप्पा, म्हणजे माझे वडील, निवृत्त मास्तर. ते यावर एक शब्द बोलले नाहीत.

एकदा दुपारी केशवापुरात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात केला. ऑटो थांबवली तर त्यांच्या मागं अप्पा उभे. ते गृहस्थ अप्पांच्या जुन्या शाळेतले, बऱ्याच वर्षांनी भेटलेले. मला ओळखत नव्हते. दोघं बसले.

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, "मुलगा कुठं असतो तुमचा?"

"बंगलोरला," अप्पा म्हणाले. "कंप्युटरमध्ये."

"नशीबवान आहात. येतो का भेटायला?"

"वेळच मिळत नाही हो त्याला."

मी आरशात बघायचं टाळलं.

कोप्पीकर रोड आला. जन्मापासून अप्पा माझ्याशी मराठीतच बोलत आले. त्या दिवशी मात्र कुठल्याही ऑटोवाल्याला म्हणावं तसं कन्नडमध्ये म्हणाले, "अण्णा, इल्ले निल्लसरी." इथंच थांबवा.

"आयतरी," म्हणजे बरं, मीही कन्नडमध्येच म्हणालो आणि थांबवली. मराठीत बोललो असतो, तर त्या गृहस्थांनी आपल्यातला माणूस म्हणून विचारलं असतं, तुम्ही कुणाचे?