चष्म्याच्या दुकानाचा बोर्ड

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बसवलेल्या मास्तरांना सगळंच धूसर दिसत होतं, म्हणून कानांनाच काम उरलं होतं. शेजारी एक चष्म्याचे दुकानदार बसले होते, त्यांच्याही डोळ्यांत थेंब. सोबत डिझाइन शिकणारी त्यांची लेक.

"बोर्ड बदलायचा म्हणतेस? पहिल्या वर्षी तूच केलास ना?"

"म्हणूनच म्हणतेय, बाबा. तेव्हा जे जे शिकले, ते सगळं त्यावर ओतलं. सावल्या, वेलबुट्ट्या, हाताला लागतील ते रंग."

"छान आहे की. लोक थांबून बघतात."

"बरं, समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय?"

"थेंब घातल्यावर कसं वाचू? 'बाहेर' एवढं लागतंय. अक्षर मोठं आहे, भोवती मोकळं आहे."

"आणि शेजारचा रंगीत कागद?"

"नुसती गिचमीड. कुणी केलाय कोण जाणे."

"आमच्याकडे काम भिंतीला लावतात आणि डोळे किलकिले करून बघतात. तेव्हा जे दिसतं, तेवढंच धरायचं."

"तीन वर्षं डोळे किलकिले करायला शिकलीस?"

"तुमच्या गिऱ्हाइकांना ते शिकावं लागत नाही, बाबा. चष्मा मोडला म्हणूनच तर ती येतात."

दुकानदारांची खुर्ची करकरली.

"शेजारचा औषधवाला परवा सांगत होता, दिवसभर लोक त्याला आपलंच दुकान कुठे म्हणून विचारतात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"चहा पाजला त्याला. मला वाटलं, आपलं नाव झालंय."