सहा मीटर आणि दोन बादल्या

— आणि आज याही फेरीला मी तोंडाला कुलूप लावणार, बाबा. एक शब्द नाही. उद्या गाडीच्या परीक्षेत तो साहेब काय तुमच्या शेजारी बसून ‘आता वळवा, आता सोडा’ म्हणणार आहे?

— अगं, सरावाला बोललीस तर बिघडलं कुठं? मागच्या वर्षी पाहुणे आले की दारामागे लपायचीस. आता तोंड उघडलंयस तर बोल.

— विषय बदलू नका. गाडी चार मीटर, जागा सहा मीटर. पुढे निळी बादली, मागे लाल. टेपनं दोनदा मोजलंय. गाडीच्या दीडपट म्हणजे ऐसपैस. यात मावशीसुद्धा लावेल.

— मावशीचं नाव काढू नकोस. तिनं मैदानाचं फाटक पाडलंय.

— निळ्या बादलीच्या बरोबरीला या, मध्ये हातभर अंतर. मग मागे घेत चाक डावीकडे. गाडी निम्मी आत गेली की सरळ. पुढचं टोक बादलीपासून सुटलं की उजवीकडे. पाठ आहे ना?

— तोंडपाठ. आलो बरोबरीला. … बोल की.

— कुलूप.

— बरं. मागे घेतो. डावीकडे… काय वाजलं?

— निळी बादली. सकाळपासून तिसऱ्यांदा.

— स्टिअरिंग जड झालंय.

— आठवडाभर नव्हतं जड. आठवडाभर बादलीला साधा धक्का लागला नाही.

— तेव्हा मास्तरीण बोलत होती ना.

— थांबा. बादली उभी करून येते.

(दार उघडतं, लागतं. जरा वेळानं पुन्हा उघडतं, लागतं.)

— झालं. घ्या पुढे, परत बरोबरीला. बाबा, एक विचारू? बादली दिसते ना तुम्हाला?

— म्हणजे काय? वीस वर्षं शाळेची गाडी चालवतोय मी. बादली दिसणार नाही?

— मग कुठंय?

— असायची तिथंच. डाव्या हाताला, जरा पुढे.

— बाबा, ती माझ्या मांडीवर आहे.

— कुठं?

— मान वळवा. अजून. अजून थोडी. हां, ही.

— कधी उचललीस?

— ते सोडा. किती दिवस दिसत नाहीये?

— चक्कर आली त्या दिवसापासून. समोरचं दिसतं, उजवीकडचं दिसतं. डावीकडे काळोख वगैरे नाही गं. तिकडचं नसतंच. आणि नाहीये हे कळतही नाही.

— आईला म्हणालात, उन्हानं झालं.

— तिला काय सांगू? शाळा म्हणाली, पुन्हा परीक्षा द्या, पास झालात तरच गाडी मिळेल. गाडी गेली की मी कोण? दारात खुर्ची टाकून बसणारा माणूस. वाटलं, आठवडाभर तुझ्या आवाजावर हात बसला की उद्याचं निभेल.

— आणि मी वेडी. वर्गभर सांगत सुटले, बाबांना मी शिकवलं म्हणून. शिकवत कसली होते. तुमच्या वाटचं बघत होते.

— छान बघतेस.

— बाबा, तुमच्या गाडीतून पोरं कुठल्या दारानं उतरतात?

— डाव्या.

— आणि तीच बाजू तुम्हाला…

— रडू नकोस. बादलीत पडेल.

— मी रडत नाहीये. उद्या दहा वाजता जायचं ना?

— जायचं. परीक्षा द्यायला नाही, सांगायला. तिथून डॉक्टरकडे. तू येशील?

— येईन. पण बोलेन मी तिथं. तुम्ही ‘उन्हानं झालं’ म्हणालात तर मध्येच बोलेन.

— बोल. ही घे किल्ली.

— मला कुठं चालवता येते?

— चालव म्हणत नाहीये. खिशात ठेव. घरी पायी जाऊ.

— आणि गाडी? अशी तिरकीच?

— राहू दे, कोणाच्या वाटेत नाही. मास्तरीणबाई…

— काय?

— माझ्या डाव्या बाजूनं चाल.